सावकाश खिंड

बस डेपोच्या फाटकासमोर रस्ता ओलांडला की वहिनींचं शिवणाचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा, आणि खुंट्यांवर ड्रायव्हर-कंडक्टरांचे निळे गणवेश. कुणाची बाही लागायची राहिलेली, कुणाची काजं. सगळा डेपो त्यांना वहिनी म्हणायचा, कारण त्यांचे यजमान त्याच डेपोत ड्रायव्हर होते. यजमानांना मात्र कुणी दादा-भाऊ म्हणत नसे. त्यांना म्हणत ‘सावकाश’.

नाव पडायला कारणही तसंच होतं. त्यांची गाडी डोंगराच्या वाटेवरची. इथून निघायची, चढ चढून खिंड ओलांडायची, पलीकडच्या खोऱ्यात उतरायची आणि माघारी यायची. बाकीचे ड्रायव्हर तीच फेरी उरकून, चहा पिऊन, बाकावर आडवे होऊन एक डुलकीही काढायचे, तेव्हा कुठं यांच्या गाडीचं नाक फाटकात दिसायचं. उतारू वैतागायचे. ‘या गाडीत बसलं की लग्नाला निघालेला माणूस बारशाला पोचतो,’ असं म्हणायचे. सावकाश ऐकून घ्यायचे, हसायचे आणि गिअर काही बदलायचे नाहीत.

घरात वहिनी स्वतः त्यांना हजार बोलायच्या. ‘अहो, जेवताय की घासांची ओळख करून घेताय?’ हे तर रोजचंच. पण बाहेरच्यानं एक शब्द काढला की त्याची खैर नसायची. यजमानांवर दात काढणाऱ्याची कॉलर पुढच्या खेपेला बोटभर घट्ट निघायची. तो मानेत बोट घालत तक्रार घेऊन आला, की वहिनी तोंडातली टाचणी न काढताच म्हणायच्या, “कॉलर बरोबर आहे. तुमची मान फुगलीय, हसून हसून.”

त्या खिंडीला तेव्हा नाव नव्हतं. नकाशावर नुसता आकडा होता. आपल्या बाजूचे लोक तिला ‘वरची खिंड’ म्हणायचे, पलीकडचे म्हणायचे ‘तिकडची’. रस्ता अरुंद, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि धुकं उतरलं की स्वतःच्याच गाडीचे दिवे परके वाटावेत असं. खिंडीच्या आसपास समोरून कुठलीही गाडी आली, ट्रक असो, जीप असो, सावकाश खिडकीतून हात बाहेर काढायचे, रडक्या पोराला थोपटावं तसा तळवा खाली दाबायचे आणि ओरडायचे, “सावकाश!” ऊन असो, पाऊस असो, एकही गाडी त्यांनी बिनसांगता जाऊ दिली नाही.

याचा सगळ्यात जास्त राग यायचा तो ‘विमान’ला. विमान म्हणजे डेपोतला सगळ्यात जोरात गाडी हाणणारा ड्रायव्हर. धूळ आधी पोचते की त्याची गाडी, यावर पैजा लागायच्या. त्याच्यावर एक प्रसंग आला, आणि तो प्रसंग त्यानं कधी लपवला नाही. उलट वहिनींच्या दुकानात मापं द्यायला आला, की हात पसरून उभ्या-उभ्या जो भेटेल त्याला सांगायचा.

“मी उताराला भरधाव चाललेलो. समोरून आमचे महाशय चढ चढतायत. खिडकीतून हात बाहेर, ‘सावकाश!’ माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, आज याला चार शब्द सुनावल्याशिवाय सोडायचं नाही. म्हणून गाडी हळू केली. फक्त शिवी देण्यासाठी, हां! मान बाहेर काढली आणि अशी सणसणीत घातली. शिवी पुरी होतेय न होतेय तोच वळण आलं, आणि वळणापलीकडं रस्ताच नाही! यांची गाडी वर आली आणि यांच्या मागं कडा ढासळला, यांना स्वतःलाही पत्ता नाही. मी उभाच राहिलो ब्रेकवर. गाडीत लेकुरवाळ्या बाया होत्या. चाकं थांबली तिथून पुढं एक शेळी उभी राहील एवढीसुद्धा जागा नव्हती.”

“हात सरळ ठेवा,” वहिनी म्हणायच्या. पण फीत धरलेला त्यांचा हात थांबलेला असायचा.

“वहिनी, माणूस आशीर्वादानं वाचतो म्हणतात. मी शिवीनं वाचलो.”

तेव्हापासून डेपोत बोलण्याची पद्धतच पडली. ‘सावकाशच्या खिंडीत धुकं आहे.’ ‘सावकाशच्या खिंडीत टायर बसला.’ डेपोतून ते ट्रकवाल्यांत गेलं, ट्रकवाल्यांतून पलीकडच्या खोऱ्यात. आणि एवढं होऊनही यजमानांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या निरोप समारंभालासुद्धा सगळा डेपो हार-भाषणं घेऊन खोळंबून बसला, कारण सत्कारमूर्तींची शेवटची फेरी वेळेवर आलीच नव्हती.

ते घरी बसले आणि काही वर्षांनी डोंगरातला रस्ता नव्यानं झाला. रुंद, गुळगुळीत, दरीच्या बाजूनं कठडे. आता खिंडीला आकडा शोभेना. एक दिवस विमान दुकानात धावत आला. तोही आता निवृत्तीला टेकला होता, पण चाल तीच. अंगात नव्या शर्टाची एकच बाही, कारण सकाळीच तो मापाला येऊन गेला होता आणि कच्चे टाके घातलेला शर्ट तसाच अंगावर घेऊन चहाला पळाला होता.

“वहिनी, फाटकावर नोटीस लागलीय. खिंडीचं नाव ठरतंय. ‘प्रगती खिंड’!”

“कुठली खिंड?”

“आपली हो! सावकाशची!”

वहिनींनी कात्री टेबलावर अशी ठेवली की आतल्या खोलीत पेपर वाचणारे यजमान दचकले. “ऐकलंत का? तुमच्या खिंडीला प्रगती म्हणतायत.”

“म्हणू दे की,” यजमान आतूनच म्हणाले. “खिंडीला काय कळतंय?”

“खिंडीला नाही कळत, मला कळतंय ना!”

नोटिशीत हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. वहिनींनी मुलीला बोलावून घेतलं. मुलगी शाळेत भाषा शिकवायची, तिचं अक्षर मोत्यासारखं. तिनं सूचना लिहिली, विमाननं ती डेपोभर फिरवली आणि वहिनींनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आधी सही, मग माप, असा नियम केला. पलीकडच्या डेपोतल्या लोकांनी तर न मागता सह्या पाठवल्या. ज्यांच्या कॉलरी कधीकाळी घट्ट निघाल्या होत्या, त्यांनीही.

सुनावणी डेपोच्या कँटीनमध्ये झाली. टेबलं भिंतीला लावली, बाकं ओळीनं मांडली. रस्ते खात्याच्या इंजिनिअर मॅडम आल्या. केस आखूड कापलेले, बुटांना अजून डोंगराची माती. हा नवा रस्ता त्यांनीच आखला होता. वहिनी पहिल्या बाकावर मुलीशेजारी बसल्या. यजमान मात्र आले नव्हते. ‘तुम्ही व्हा पुढं, मी येतोच,’ म्हणाले होते, आणि त्यांच्या ‘येतोच’चा अर्थ वहिनींना लग्नापासून ठाऊक होता.

पहिला उठला घाटाच्या पायथ्याचा लॉजवाला. “मॅडम, एवढा चांगला रस्ता केलात, आणि नाव सावकाश? ऐकणाऱ्याला वाटेल खड्डे आहेत. ‘प्रगती’ म्हटलं की कसं, नुसत्या नावानं गाडीचा वेग वाढतो!”

“म्हणूनच नको!” विमान मागून ओरडला आणि कँटीन हसलं.

मग विमाननं आपला प्रसंग सांगितला. या वेळी हात न पसरता, शिवी गाळून. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. मग चष्मा सारखा करत म्हणाल्या, “मला आवडलं. खरंच आवडलं. पण नियम आड येतो. हयात व्यक्तीचं नाव डोंगराला, नदीला, खिंडीला देता येत नाही. हे गृहस्थ हयात आहेत का?”

“अगं बाई!” वहिनी ताडकन उठल्या. “हयात म्हणजे काय! सकाळपासून दोनदा चहा मागितलाय त्यांनी.”

“झालं,” विमान पुटपुटला. “आता नावापायी माणूस मारायचा की काय?”

“मारून तर बघा. आधी माझ्याशी गाठ आहे.”

हसण्याचा एकच गलका उठला, आणि त्या गलक्यातच दार उघडून यजमान आत आले. हातात छत्री, बाहेर पावसाचं नाव नसताना. त्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली, पडली, पुन्हा उभी केली. तोवर सगळे वाट बघत राहिले. अख्ख्या डेपोला त्याची सवय होती.

मॅडमनी त्यांना समोर बसवलं. “खिंडीला तुमचं नाव द्यावं अशी या सगळ्यांची मागणी आहे. तुमचं काय म्हणणं?”

“माझं नाव?” यजमानांनी मागं वळून बाकांकडं पाहिलं. “माझं नाव यातल्या कुणाला आठवत तरी का?”

लोक एकमेकांकडं बघायला लागले. डेपो मॅनेजरनं डोकं खाजवलं. खरंच, कुणालाच आठवेना.

“बघा,” यजमान म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, गंमत वाटत होती. “सावकाश हे काही माझं नाव नाही, मॅडम. तो निरोप आहे.”

“कुणाचा?”

त्यांनी हनुवटीनं वहिनींकडं खूण केली. “हिचा. मी कामावर निघालो की ही दारात यायची आणि म्हणायची, ‘सावकाश जा हं.’ एक दिवस चुकली नाही. आजारी असली तर आतून ओरडायची. मला वाटायचं, आपल्याला सांगणारं माणूस आहे. समोरून येतोय त्याच्या घरी असेल, नसेल. असलं तरी आज बिचारीचं राहून गेलं असेल. मग आपण सांगून टाकावं. त्यात आपलं काय जातंय?”

एवढं लांब बोलणं त्यांच्या तोंडून डेपोनं कधी ऐकलं नव्हतं. वहिनींनीही नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सगळं कँटीन त्यांच्याकडं बघत होतं आणि काहीतरी बोलल्याशिवाय सुटका नव्हती.

“मॅडम, आता खोटं कशाला बोलू?” त्या म्हणाल्या. “मी ते डब्यासाठी म्हणायचे. डब्यात कालवण असायचं पातळ, झाकण ढिलं. हे निघाले की पिशवी हेलकावणार, कालवण सांडणार आणि गणवेश धुवायचा कुणी? मी!”

कँटीन असं हसलं की स्वयंपाक्यानं आतून डोकावून पाहिलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. यजमान तर मांडीवर थाप मारून हसत होते. “बघा! आणि मी अख्ख्या डोंगराला सांगत सुटलो!”

वहिनीही हसल्या. कालवणाचं खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात खिंडीतून एक ट्रक खाली गेल्याची बातमी दुकानात आली होती, आणि त्या दिवसापासून ‘सावकाश’ म्हणताना त्यांचा हात चौकटीवर घट्ट असायचा. यजमानांची गाडी परत यायच्या वेळी त्या मशीन थांबवायच्या, फाटकाशी वळताना तिचा गिअर करकरायचा तो ऐकू यावा म्हणून. गिऱ्हाइकाला वाटायचं, वहिनी दोरा ओवतायत. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कँटीनमध्येही सांगितलं नाही. यजमानांना ते ठाऊक असावं, असं मात्र आज त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

इतक्यात मुलगी उठली. वर्गात उभी राहते तशीच, पाठ ताठ. “मॅडम, मग नियमाची अडचण उरत नाही. सावकाश हे व्यक्तीचं नाव नाही. ते क्रियाविशेषण आहे. क्रियाविशेषण हयात आहे की नाही, हे नियमात विचारलेलं नाही.”

मॅडमनी नियमाचा कागद वर-खाली पाहिला. “नाही विचारलेलं,” त्या म्हणाल्या. मग कागद बाजूला ठेवला. “एक सांगते. या रस्त्याची वळणं मी आखली. प्रत्येक वळणाआधी पाटी लावली. कुणी वाचत नाही. मी स्वतःसुद्धा घाईत असले की वाचत नाही. पण ठिकाणाचं नाव तोंडानं घ्यावंच लागतं. तिकीट मागताना घ्यावं लागतं, कुठवर आलात विचारलं की सांगावं लागतं. लोक ‘सावकाश’ म्हणतच वर चढतील. माझी शिफारस सावकाश खिंड.”

टाळ्या पडल्या. लॉजवाल्यानंही वाजवल्या. जाता जाता म्हणाला, “ठीक आहे. प्रगती मी माझ्या लॉजला ठेवतो.”

शिफारस झाली, पण सरकारी काम. बरेच महिने काही कळलं नाही. मग एक दिवस डेपो मॅनेजर छापील कागद घेऊन दुकानात आले. चेहरा लिंबू पिळल्यासारखा. मुख्य कार्यालयात कुणा शहाण्याला ‘सावकाश’ ही लिहिणाऱ्याची चूक वाटली होती आणि त्यानं ती सुधारली होती. कागदावर ठळक अक्षरांत होतं, ‘अवकाश खिंड’.

“अवकाश म्हणजे गं?” वहिनींनी मुलीला विचारलं.

“मोकळी जागा. किंवा आकाशापलीकडची पोकळी. किंवा सवड, सुट्टी.”

“म्हणजे माझ्या नवऱ्यानं उभा जन्म सुट्टी काढली, असं छापलंय सरकारनं!”

शिवण चुकली तर ती उसवायची, तिच्यावर इस्त्री फिरवून भागत नाही, हा त्यांचा धंद्याचा नियम होता. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला घेऊन थेट मुख्य कार्यालयात गेल्या. उंच छताची खोली, एकामागं एक टेबलं, पंख्याखाली फडफडणारे कागद आणि त्यांच्यावर ठेवलेले दगड. खिडकीजवळचा कारकून सभ्य होता. म्हणाला, “आजी, चूक झालीय खरी. पण आता नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल. तुम्ही कशाला थांबता?”

“थांबते की,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली, पिशवीतून एक शर्ट काढला, चष्मा लावला आणि काजं करायला घेतली. “माझं काम मी सोबत आणलंय. तुमचं चालू द्या सावकाश.”

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. पहिल्या शर्टाची काजं संपली तेव्हा त्यांनी दुसरा शर्ट काढला. जेवणाच्या सुट्टीत कारकुनानं त्यांना स्वतःचा चहा दिला, वहिनींनी त्याच्या बाहीचं लोंबकळणारं बटण घट्ट करून दिलं. मग तोच उठला, दोन मजले वर गेला, आणि त्यानं इंजिनिअर मॅडमना फोन लावला. मॅडमनी फोनवर काय सांगितलं ते कळलं नाही, पण तो परत आला तेव्हा हातात सही-शिक्क्याचा नवा कागद होता. मुलीनं तो शाळेचा पेपर तपासावा तसा अक्षर-अक्षर वाचला आणि मान हलवली. ‘सावकाश खिंड’. ‘सा’ जागच्या जागी होता.

पाटी लागली त्या दिवशी दोन्ही डेपोंतले लोक खिंडीत जमले. वारा असा की टोप्या धरून उभं राहावं लागत होतं. यजमानांना वहिनींनी नवा शर्ट शिवला होता, कॉलर अगदी मापात. मॅडमनी पाटीवरचं कापड ओढलं. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, खाली खिंडीची उंची. विमाननं यजमानांना मिठी मारली आणि कानात काहीतरी सांगितलं. बहुधा तीच शिवी असावी, कारण दोघंही पोट धरून हसले. वहिनींच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या थांबवून सांगत होत्या, “हे बघा, हे आमचे. आणि ती पाटी.” मुलगी लाजून म्हणाली, “आई, पुरे ना.” “का पुरे?” वहिनी म्हणाल्या. “पाटी रोज लागते का?”

पण त्यांना खरं काही वाटलं ते त्यानंतर, एका साध्या दिवशी. पलीकडच्या खोऱ्यात कुणाला तरी भेटायला दोघं निघाले होते. बस पलीकडच्या डेपोची, ड्रायव्हर अनोळखी, कंडक्टरही नवीनच लागलेली मुलगी. तिला हे दोघं कोण ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. चढ संपत आला, बाहेर धुकं उतरायला लागलं, ड्रायव्हरनं गिअर खाली घेतला. ती मुलगी तिकिटांची पिशवी सावरत उभी राहिली आणि रोजच्या, कंटाळलेल्या, कुठल्याही थांब्यासाठी काढतात त्याच आवाजात ओरडली, “सावकाश खिंड! सावकाश खिंडवाले, चला!”

मागून एक म्हातारा टोपली घेऊन उठला. कुणी हसलं नाही, कुणी विचारलं नाही की हे कसलं नाव. म्हातारा उतरला, मुलीनं दोरी ओढली, घंटी वाजली.

वहिनींच्या ओठांवर सगळं आलं होतं. त्या मुलीचा हात धरून सांगावं, बाळ, ते नाव आमच्या दारातून निघालंय. पण त्यांनी सांगितलं नाही. त्या नुसत्या ताठ बसून राहिल्या, मान अशी उंच की मागच्या बाईला पुढचं दिसेना. यजमान खिडकीला डोकं टेकून झोपले होते. वहिनींनी त्यांना उठवलं नाही. त्यांची मुडपलेली कॉलर तेवढी दोन बोटांनी सरळ केली आणि धुक्यातून पुढं सरकणाऱ्या रस्त्याकडं बघत राहिल्या.